ग्राफिंग कॅल्क्युलेटर कोणता घ्यावा? घरात दोन पोरं, दोन बोर्डं

गोदाकाठ
शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. कन्या यंदा अकरावीला, आयबीला (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट बोर्ड) घातली आहे. शाळेने पहिल्याच आठवड्यात सामानाची यादी दिली. त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत नुसतं 'जीडीसी' लिहिलेलं. मला वाटलं शाळेचं काही ॲप असेल. नंतर कळलं, ग्राफिक डिस्प्ले कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणारा. किंमत ऐकली आणि खुर्ची ओढून बसलो. डिप्लोमाला घेतलेला माझा कॅसिओचा साधा सायंटिफिक, ९९१ एमएस, अजून नाशिकला अंबडमध्ये माझ्या टेबलावर चालू आहे, त्याच्या कितीतरी पट पैसे आहेत हे.

भावाचा मुलगा बारावीला, आपल्या महाराष्ट्र बोर्डात. सीईटीचा क्लास कॉलेज रोडला. तो लगेच, "काका, तिला आणताय तर मलाही आणा." एकत्र घर आहे, तुम्हाला कल्पना असेलच.

आमचे अण्णा प्रेसमधून रिटायर. त्यांच्या मते लॉग टेबलाचं पुस्तक माळ्यावर आहे, ते दोघांना पुरेल.

काल एम. जी. रोडला चार दुकानं पालथी घातली. तीन ठिकाणी साधा सायंटिफिक पुढे केला. चौथा म्हणाला मागवून देतो, पण कोणता ते तुम्हीच सांगा. तर सांगा. कॅसिओचा एफएक्स-सीजी५० की टीआयचा (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) टीआय-८४ प्लस सीई? जुना घेतला तर चालेल का? आणि पुतण्याचं काय करू?

चिवडा_कमी_तिखट
शनिवार, सकाळी ९:३०

रुमाल टाकून ठेवतो. आमचे चिरंजीव पुढच्या वर्षी याच रांगेत.

ओझरवाला
शनिवार, सकाळी १०:०५

पुतण्याचा प्रश्न सोपा आहे, तो आधी मिटवू. घेऊ नका. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताच्या पेपरावर पहिल्याच पानावर छापलेलं असतं की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. गणिताच्या पेपरात तर ग्राफपेपरचीही गरज नाही, कच्ची आकृती पुरे असं लिहितात. म्हणजे बोर्डाला तुमच्या पोराने काढलेला वाकडातिकडा पॅराबोला हवा आहे, रंगीत पडद्यावरचा नको. सीईटीला कॅल्क्युलेटर नाही, जेईईला नाही, नीटला नाही. अण्णा बरोबर आहेत.

पुढे इंजिनिअरिंगला गेला की ९९१ घेऊन द्या, दोन हजारांच्या आत भागतं. विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या पेपरावर अजूनही लॉग टेबल, स्लाइड रूल, मोलियर चार्ट, पॉकेट कॅल्क्युलेटर आणि स्टीम टेबल चालतील अशी ओळ येते. स्लाइड रूल कोणी शेवटचा कधी पाहिला देव जाणे, पण परवानगी आहे! एम.टेक.च्या प्रवेशाच्या गेट परीक्षेला तर स्वतःचा न्यायचाच नसतो, स्क्रीनवरच देतात.

गोदाकाठ
शनिवार, सकाळी १०:२०

धन्यवाद ओझरवाला. तुमचा प्रतिसाद पुतण्याला वाचून दाखवला. तो म्हणतो, परीक्षेला नाही, समजायला हवाय. आता काय बोलणार?

ओझरवाला
शनिवार, सकाळी १०:४१

समजायला हवा असेल तर फोनवर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा उघडून द्या. दोन्ही आलेख काढायची ॲपं, फुकट. त्यात y = ax² + bx + c लिहून a, b, c चे स्लायडर सरकवून पॅराबोला कसा फुगतो, कसा उलटतो हे जेवढं छान दिसतं तेवढं कुठल्याच कॅल्क्युलेटरच्या इवल्या पडद्यावर दिसत नाही. हे मी कॅल्क्युलेटरवेडा असून लिहितोय.

आडगावची_आई
शनिवार, सकाळी ११:१५

गोदाकाठ, मी या सगळ्यातून दोन वर्षांपूर्वी गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मुलीला विचारा, तिचं गणित एए (ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस) की एआय (ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन). एए असेल तर पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय, दुसऱ्याला लागतो, हायर लेव्हल असेल तर तिसऱ्यालाही. एआयला सगळ्याच पेपरांना लागतो. म्हणजे एआयवाल्या मुलाचा हात त्या यंत्रावर वहीसारखा फिरला पाहिजे. परीक्षेच्या महिन्यात घेतलेला कॅल्क्युलेटर काही कामाचा नाही, आत्ताच घ्या.

मी सीजी५० घेतला, कारण मुलाच्या सर वर्गात तोच फळ्यावर दाखवायच्या. हो, सर म्हणजे मॅडम, शाळेत सगळे 'सर'च म्हणतात. आमच्या बाबतीत निर्णय तिथेच झाला. सर "आता एफ५ दाबा" म्हणतात आणि आपल्या पोराच्या हातात दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलं की तो दहा मिनिटं मेनू शोधत बसतो, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो.

आता फजिती. खोका घरी आला त्या रात्री मुलाने पहिला आलेख काढला तो साइन x चा. पडद्यावर काय? एक्स-अक्षाला चिकटलेली सपाट रेघ. लाट नाही, काही नाही. पुन्हा काढला, पुन्हा रेघ. यांनी लगेच बिल शोधायला घेतलं. मी खोका परत पॅक केला, वर टेपही मारली. सकाळी सरांना फोटो पाठवला तर त्यांचा एका ओळीचा मेसेज: "डिग्रीवर आहे, रेडियन करा." शिफ्ट दाबून सेटअपमध्ये जायचं, अँगलसमोर रॅड निवडायचं. झाली लाट. पडद्यावर एक्स-अक्ष उणे सहा ते सहा एवढाच दिसतो, आणि सहा अंशांचा साइन जेमतेम ०.१. मग रेघच दिसणार! बँकेत वीस वर्षं आकडे मोडते मी, आणि एका डिग्रीवर अडले.

गोदाकाठ
शनिवार, दुपारी १२:०२

ताई, टेप मारली हे वाचून हसलो, पण मीही तेच केलं असतं. मुलीचं एए, हायर लेव्हल. सरांचं विचारून सांगतो.

पंचवटी_एक्सप्रेस
शनिवार, दुपारी १:२५

जुना घ्यायचा असेल तर माझा अनुभव ऐका, मग घ्या.

मेव्हण्याने अमेरिकेहून टीआयचा एनस्पायर सीएक्स टू आणला. कोरा, पातळ, सुरेख. भाची खूश. शाळेत नेला आणि सरांनी नाव वाचून परत दिला. नावापुढे 'सीएएस' अशी तीन अक्षरं होती. सीएएस म्हणजे जो x, y ठेवूनच समीकरण सोडवतो, डेरिव्हेटिव्ह अक्षरांत काढून देतो. आयबीच्या परीक्षेत तो चालत नाही. तीन अक्षरं नसलेला एनस्पायर चालतो. दिसायला दोघं जुळे भाऊ. तेव्हा जुना असो की नवा, नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आमचा आता माझ्याकडे आहे, गाडीत कंटाळा आला की इंटिग्रेशन करत बसतो. इगतपुरी कधी येते कळत नाही.

मग भाचीसाठी जुना सीजी५० दादरच्या पुलावर एका मुलाकडून घेतला. घेताना काय बघितलं ते सांगतो. पाठचं झाकण उघडून सेलच्या स्प्रिंगा बघा. पांढरट-हिरवट पावडर असेल तर सेल फुटून गळलेत, सोडून द्या. रिमोटला लागतात ते बारीक सेल लागतात, चार. ते स्वतः घेऊन जा, विकणाऱ्याचे असतीलच असं नाही. प्रत्येक बटण एकदा दाबा, विशेषतः एक्झिट आणि बाणांची. ती जास्त झिजतात. बाणाचं बटण अडकत असेल तर आलेखावर कर्सर फिरवताना जीव जातो.

शालिमार_चौक
शनिवार, दुपारी २:१०

सगळे कॅसिओवालेच दिसताय. माझ्याकडे टीआय-८४ प्लस सीई आहे. पडदा स्वच्छ, बटणं मऊ, आणि अमेरिकेत सगळे हाच वापरत असल्यामुळे यूट्यूबवर याचे व्हिडिओ ढिगाने. आत चार्ज होणारी बॅटरी आहे, सेलची कटकट नाही. पण चार्जिंगची पिन मिनी-यूएसबी. आताच्या फोनची नाही, मागच्या पिढीच्या फोनचीही नाही, त्याच्याही मागची. माझी केबल हरवली तेव्हा जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पिशवीतली कामाला आली.

गंमत म्हणजे टीआयचं बंगळूरचं केंद्र १९८५ पासून आहे, पण त्यांचा कॅल्क्युलेटर नाशिकच्या दुकानात विचारला तर माणूस 'कोणती कंपनी?' म्हणतो. त्याच १९८५ साली कॅसिओने एफएक्स-७०००जी आणला, जगातला पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर. टीआयचा पहिला, टीआय-८१, आला १९९० मध्ये.

कॉलेजरोड_कट्टा
शनिवार, दुपारी २:३२

एवढ्या पैशात अख्ख्या वर्गाला वर्षभर मिसळ खाऊ घालता येईल. हलके घ्या.

ओझरवाला
शनिवार, दुपारी ३:००

मिसळीचा धागा वेगळा आहे हो, तिकडे चारशे प्रतिसाद झालेत.

शालिमार_चौक, टीआय वाईट नाहीच. मुलगी पुढे अमेरिकेला जाणार असेल तर विचार करा. पण तिकडच्या कॉलेजांच्या प्रवेशाची सॅट परीक्षा आता संगणकावर झाली आणि तिच्यात डेस्मॉस आतच दिलेला असतो. म्हणजे निव्वळ सॅटसाठी म्हणून टीआय घ्यायचं कारण उरलं नाही.

ज्यांना 'ग्राफिंग कशाला, ९९१ पण समीकरण सोडवतो की' असं वाटतंय त्यांच्यासाठी एक उदाहरण. e^x = 3x. ९९१ वर सॉल्व्ह करा, सुरुवातीचा अंदाज ० द्या. उत्तर ०.६१९. पोरगं उत्तर लिहून मोकळं. तेच अंदाज २ दिला असता तर १.५१२ आलं असतं. दोन्ही बरोबर आहेत, पण यंत्र विचारलं त्याच्या जवळचं एकच सांगतं आणि दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ग्राफिंगवर y = e^x आणि y = 3x दोन्ही काढा, वक्र रेघेला दोनदा कापताना डोळ्यांना दिसतो. सीजी५० वर शिफ्ट एफ५, मग इंटरसेक्ट, मग उजवा बाण दाबला की दुसरा बिंदू. पैसे या 'दुसऱ्या बिंदूचे' आहेत.

लॉगटेबल
शनिवार, संध्याकाळी ६:४५

कॉलेजात बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालो. सदस्यनामावरून पक्ष कळलाच असेल.

ओझरवाला यांचं उदाहरण चोख आहे. तरी तक्रार अशी की, e^x आणि 3x ची कच्ची आकृती हाताने काढता येणाऱ्या मुलाला दोन उत्तरं आहेत हे यंत्र उघडायच्या आधीच माहीत असतं. x = 0 ला e^x वर, x = 1 ला 2.718 विरुद्ध 3, म्हणजे खाली गेला, x = 2 ला परत वर. दोनदा ओलांडला. इतकंच. यंत्राने दशांश काढावेत, किती उत्तरं शोधायची हे माणसाने सांगावं.

पण मी यंत्राच्या विरोधात नाही. परवा शेजारची मुलगी आली होती, तिच्या शाळेत लोलकाचा प्रयोग. तिने गॅलरीच्या कठड्याला दोऱ्याने पितळी गोळा टांगून चार लांब्यांना वीस-वीस आंदोलनं मोजली होती. मीटरभर दोऱ्याला वीस आंदोलनांना चाळीस सेकंदांच्या वर थोडं लागतं, ते तिचं बरोबर आलं होतं. लांबी एका यादीत, T चा (एका आंदोलनाच्या वेळेचा) वर्ग दुसऱ्या यादीत, आणि कॅल्क्युलेटरला सरळ रेघ बसवायला सांगितली. उतार ४.०४, वाय-अक्षावरचा छेद ०.०६. ४π² ला उताराने भागलं, गुरुत्वाकर्षणाचं g आलं ९.७७. ती खूश. मी म्हटलं, छेद कशाला आला? लांबी शून्य तर T शून्य, रेघ मूळबिंदूतूनच जायला हवी. ती म्हणे, "आजोबा, एरर असेल."

एरर होतीच, पण कुठली? ०.०६ ला ४.०४ ने भागलं की ०.०१५ मीटर, दीड सेंटिमीटर. तिला दोरा मोजायला लावला. तिने लांबी गाठीपर्यंतच मोजली होती, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही. गोळ्याची त्रिज्या तेवढीच! प्रत्येक लांबीत दीड सेंटिमीटर कमी पडल्याने उतार बिघडला नाही, नुसती रेघ वर सरकली. ग्राफपेपरवर आमची मुलं रेघ मुद्दाम शून्यातून ओढत आणि पुरावाच पुसून टाकत. यंत्राने तो पुसला नाही, हे मला मान्य करावं लागलं. मात्र प्रश्न त्याने विचारला नाही, तो मी विचारला.

आडगावची_आई
शनिवार, रात्री ८:१०

सर, हा प्रतिसाद मुलाला वाचायला दिला. +१ म्हणालाय, म्हणजे फारच आवडला.

द्राक्षवेल
रविवार, सकाळी ८:३५

केंब्रिज बोर्डाच्या पालकांसाठी एक सावधगिरी, कारण आम्ही तिथे पैसे घातले. आयजीसीएसईला (केंब्रिजची दहावी) गणिताचे दोन अभ्यासक्रम आहेत, प्रत्येकाला कोडचा आकडा. ०६०७ ला ग्राफिंग लागतो, ०५८० ला साधा सायंटिफिक. आम्ही ०६०७ म्हणून सीजी५० घेतला, वाटलं ए लेव्हललाही होईल. ए लेव्हलचा ९७०९ मात्र ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालू देत नाही. आता तो धाकटीची वाट बघत कपाटात. 'केंब्रिजला चालतो' हे अर्धवट वाक्य आहे, आकडा विचारा.

पंचवटी_एक्सप्रेस
रविवार, सकाळी ९:००

हे माहीत नव्हतं. धागा वाचनखुणांत टाकला.

गोदाकाठ
रविवार, सकाळी ११:४८

सरांशी बोलणं झालं. त्या कॅसिओ शिकवतात, पण टीआय असला तरी अडवणार नाहीत, सीएएस मात्र नको. परीक्षेआधी सगळ्यांचे कॅल्क्युलेटर परीक्षा मोडवर घेऊन तपासतात म्हणे. काळ्या-पांढऱ्या पडद्याचा एफएक्स-९७५०जीआयआयआय पण चालेल, स्वस्त पडेल, असंही म्हणाल्या. तो बघितला. दोन-तीन आलेख एकावर एक आले की कोणता कोणाचा ते माझ्या चष्म्याला कळेना. मुलगी म्हणाली कळतंय, पण तोंड पाडून.

सीजी५० वर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आहे ते खरंच उपयोगाचं आहे का, की खोक्यावर लिहायला?

ओझरवाला
रविवार, दुपारी १२:१५

परीक्षा मोडवर बंद होतं, म्हणून गुणांसाठी शून्य. शिकायला छान. जुना घेतलात तर सिस्टिममध्ये जाऊन आवृत्ती बघा, ३.२० च्या आधीची असेल तर पायथनचा चौकोनच मेनूत दिसणार नाही. संगणकाला जोडून अपडेट करता येते.

लॉगटेबल
रविवार, दुपारी १२:५०

नाशिकची मुलगी आहे, तर पहिला प्रोग्राम कोणता हे मी सांगतो. कापरेकरांचा.

द. रा. कापरेकर, देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. उदाहरणार्थ ३५२४. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४ च. कुठल्याही संख्येला जास्तीत जास्त सात पायऱ्या. हे त्यांनी १९४९ साली शोधलं, कागद-पेन्सिलीने. गणितावर लिहिणाऱ्या अमेरिकन मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला कळलं. त्यांच्या दुसऱ्या एका शोधाला तर नावच 'देवळाली संख्या'. १५ मध्ये त्याचेच १ आणि ५ मिळवले की २१ येतात, पण २० ला असा कोणी जन्मदाता नाही. म्हणून २० ही देवळाली संख्या.

पायथनमध्ये ६१७४ चं काम दहा ओळींत होतं. शून्य पुढे आलं की मुलं फसतात, चढत्या ०३७८ चे ३७८ होतात, आणि तेच उलटून उतरती संख्या काढली की ८७३, एक अंक गायब. तेवढं सांभाळा.

चिवडा_कमी_तिखट
रविवार, दुपारी १:०५

देवळालीत जन्म गेला आणि हे आज कळतंय. माझा रुमाल सार्थकी लागला.

गोदाकाठ
पुढचा शनिवार, रात्री ९:२०

अपडेट देतो. सीजी५० घेतला, जुना. मुलीच्याच शाळेत बारावी झालेली एक मुलगी बाहेरगावी निघाली होती. आयबीचा निकाल जुलैत लागतो, त्यानंतर असे बरेच निघतात, हे आधी कोणी सांगितलं असतं तर चार दुकानांचं पार्किंग वाचलं असतं. स्प्रिंगा बघितल्या, बटणं दाबली, सेल माझे नेले. पंचवटी_एक्सप्रेस, आभार. पहिल्याच रात्री साइनची लाट आली, आडगावच्या ताईंमुळे.

काल ६१७४ चा प्रोग्राम चालू झाला. लॉगटेबल सरांनी सांगितलेल्या शून्याच्या खड्ड्यात कन्या पडलीच, तासभर तिच्या जन्मसालाचा २००९ तिला भलतीकडे नेत होता. सुधारल्यावर तीन पायऱ्यांत आला. मग माझं साल टाकलं, अण्णांचं टाकलं. अण्णा १९४९ चे. त्याला सात पायऱ्या लागल्या, पूर्ण सात. सर, तुम्ही म्हणालात ते साल तेच ना? अण्णांचा यंत्रावर विश्वास नव्हताच. त्यांनी लाइट बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने केलं. आधी सहाच आल्या, मग सापडलं की ९९५४ वजा ४५९९ मध्ये हातचा चुकला होता. दुसऱ्यांदा सात. मग लॉग टेबल माळ्यावरून खाली काढून पुतण्याला दिलं.

पुतण्याला डेस्मॉस दिलं आहे. त्यात तो हृदयाचा आकार काढायला शिकला. कोणासाठी, ते विचारलं नाही.

फक्त एक अडचण. अपडेटसाठी संगणकाला जोडायची मिनी-यूएसबी केबल त्या मुलीकडे सापडली नाही. एम. जी. रोडला विचारलं तर सगळे मायक्रो पुढे करतात.

शालिमार_चौक
पुढचा शनिवार, रात्री ९:३४

कॅमेऱ्याची आहे ना माझी. व्यनि (खाजगी निरोप) करतो, उद्या येऊन घेऊन जा. अपडेट झालं की परत द्या मात्र, माझा टीआय तिच्यावरच जगतो.